शिनेमातली शिकलेली बाई

कापसाच्या जिनिंगचा भोंगा परत वाजू लागला. हंगाम सुरू झाला हे अकोल्यात कोणी कोणाला सांगावं लागत नाही. सकाळी दार उघडलं की उंबऱ्यावर रुईचा पुंजका येऊन बसलेला असतो. रस्त्यावरच्या बाभळींना पांढरं पांढरं लटकलेलं असतं, आणि हवेत सरकीचा तो तेलकट, कोंदट वास. चहात रुई, वरणात रुई. मी जिथे कारकुनी करतो त्या कंपनीच्या फाटकासमोर गाड्यांची रांग लागते. बैल रवंथ करत उभे, गाडीवान गाडीखाली चिलीम ओढत बसलेले. आणि कापसाच्या गाड्यांमागून आणखी एक गोष्ट दरसाल गावात येते, ती म्हणजे सिनेमा.

कापूस विकला गेला की माणसाच्या अंगात जराशी ऐट येते. बायकोला लुगडं, पोरांना जिलबी आणि घरादाराला सिनेमा, हा आमच्याकडचा रिवाजच आहे. मुंबईच्या सिनेमावाल्यांना तो पक्का ठाऊक. दिवाळी झाली रे झाली की त्यांचे पत्र्याचे डबे रेल्वेने आमच्याकडे निघतात. त्या डब्यांत काय असतं ते मला विचारा. लढाईमुळे कच्च्या फिल्मची टंचाई आहे म्हणतात. असेल बापा. पण अकलेची टंचाई लढाईच्या आधीपासूनची आहे, तिचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं?

मी सिनेमाचा शौकीन आहे. शौकीन हा शब्द सौम्य झाला, माझी बायको दुसरा वापरते. दिवे गेले, मागच्या भोकातून तो धुरकट उजेड डोक्यावरून निघाला आणि पडद्यावर पहिलं अक्षर थरथरलं की माझ्या छातीत अजून धडधडतं. बाकावरचे ढेकूण, शेजाऱ्याची विडी, मध्येच फिल्म तुटली की उठणारा तो शिट्ट्यांचा कल्लोळ, सगळं मला प्रिय आहे. म्हणून तर राग येतो. ज्याला गोडीच नाही त्याला राग कशाचा येणार? आमचे हेडक्लार्क अर्धा सिनेमा झोपून काढतात आणि बाहेर येऊन 'छान होता' म्हणतात. मला ते जमत नाही.

परवा पाहिला तो घ्या. शेतकऱ्याचा सिनेमा म्हणे. नायक नांगर धरतो. धोतर परीटघडीचं, कपाळावर बट, आणि नांगराचा फाळ जमिनीच्या वीतभर वर. बैल बिचारे बरोबर चालत होते, त्यांना अभिनय कोणी शिकवला नसावा. मग नायिका कापूस वेचायला निघते ती कमरेवर घागर घेऊन. कापूस घागरीत वेचतात हे मला वऱ्हाडात जन्मून पहिल्यांदा कळलं. आमच्या बाया कमरेला ओटी बांधतात, ती भरत गेली की पोट पुढे येतं, आणि बोंडाच्या सुकल्या टोकांनी बोटं सोलून निघतात. संध्याकाळी त्या बोटांना गोडं तेल चोळत बसलेली माझी माय मला दिसते. नायिकेच्या बोटांत अंगठ्या होत्या. माझ्या पुढच्या रांगेत दोघी बसल्या होत्या, दिवसभर वेचणी करूनच आलेल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "इच्या वावरातल्या पऱ्हाटीले टोचाची मनाई हाये वाटते." एवढी नेमकी टीका मी कोणत्याच मासिकात वाचली नाही.

त्याच्या आधीच्या आठवड्यातला मराठी होता. त्यात घरचा गडी आमची बोली बोलतो. 'मले', 'तुले', 'काहून' असं त्याने तोंडातून काढलं की लगेच कोणीतरी त्याच्या टाळक्यात मारतो. बाकी सगळे, घरफोडी करायला आलेला चोरसुद्धा, शुद्ध पुणेरी बोलतात. 'काहून' म्हणणारा माणूस मूर्खच असतो असं यांना कोणी सांगितलं? या 'काहून'मध्ये आमच्याकडे सोयरिकी जुळतात, भांडणं मिटतात, बाप लेकीला सासरी धाडताना रडतो. आणि चीड कशाची येते सांगू? आमचंच थेटर त्या गड्यावर खदाखदा हसत होतं. 'मले', 'तुले' करणारे शेकड्याने लोक, आपल्याच तोंडावर हसत होते.

सगळंच वाईट असतं असं नाही. मध्ये एक सिनेमा आला होता, चालला नाही. त्यात परगावी निघालेल्या मुलाला आई जेवायला वाढते. ती काही बोलत नाही, गाणं म्हणत नाही. त्याच्या ताटाच्या कडेला सांडलेलं वरण बोटाने पुसते, बस. मी तेवढ्यासाठी परत जाऊन बसलो. म्हणजे यांना येतं. येत असून करत नाहीत, हा त्यांचा गुन्हा मोठा.

हे सगळं मी तरी गिळतो. नांगर गिळतो, घागर गिळतो, गडीही कसाबसा गिळतो. पण सिनेमाची एक जात आहे जी माझ्या घशाखाली उतरत नाही. शिकलेल्या बाईचा सिनेमा. तो दर हंगामाला येतो. या सालीही आला. त्या बाईला ओळखायला वेळ लागत नाही. उंच टाचा, बिनबाह्यांचं पोलकं, हातात टेनिसची रॅकेट नाहीतर कडेवर केसाळ कुत्रं. ती उंबरा ओलांडून आत आली की सासू उंबऱ्याबाहेर. मूल तापाने फणफणतं आणि ही क्लबात. नवरा, जो चांगला धडधाकट वकील नाहीतर डॉक्टर असतो, तो दारात उभा राहून नुसते उसासे टाकतो. शेवटी ती कुणाच्या तरी पाया पडते, लोक डोळे पुसतात आणि घरोघर आपापल्या पोरींकडे नीट बघत परततात.

"दामू, शिनेमाच तं हाये. कायले जीव जाळून राहिला?" असं मला लोक विचारतात. जळतो, कारण अशाच एका सिनेमाने माझ्या बहिणीची शाळा बंद केली. काशीताईची. ती सातवीच्या परीक्षेला बसणार होती आणि बसली नाही. आता हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आम्ही अमरावतीच्या वेशीबाहेरचे माळी. विहिरीचं पाणी, थोडा भाजीपाला, आणि जास्त करून फुलं. शेवंती, झेंडू, गुलाब. पहाटेच्या दहिवरात तोडलेली फुलं ओल्या फडक्यात बांधून बाबा छकड्यात टाकत आणि बाजाराला निघत. मागच्या बाजूला पाय सोडून काशीताई बसायची. हात हार गुंफत आणि तोंड धडा म्हणत. माझी जागा पुढे, बाबाच्या मांडीशी. थंडीने बैलांच्या नाकांतून वाफा निघत, आणि मागून ताईचा आवाज येई, नद्या, डोंगर, जिल्ह्यांची नावं, सुईबरोबर आत बाहेर होणारा. बाजाराच्या अलीकडे मुलींच्या शाळेसमोर बाबा गाडी उभी करी. ताई हाराचं टोपलं त्याच्याकडे देई, ओच्यात पडलेल्या पाकळ्या झटके आणि आत पळे.

ही मुलगी काय वाटेल ते वाचायची. गुळाच्या भेलीवरचा कागद, औषधाच्या बाटलीची चिठ्ठी, भिंतीवर चिकटवलेली लिलावाची नोटीस. श्रावणात वाडीतल्या बाया कामं उरकून आमच्या ओसरीत पोथी ऐकायला येत. वाचणारी ताई. एखाद्या ओळीला बाया रडू लागल्या की ती थांबायची, त्यांना रडू द्यायची आणि मग पुढे जायची. बाबा दाराआड उभा राहून ऐके. त्याला अक्षर येत नव्हतं. लोक म्हणत, माळ्याची पोट्टी पंडिताच्या वर वाचते, तेव्हा तो हसून फक्त पागोटं सारखं करी. शाळेच्या बाईंनी त्याला सांगितलं होतं की ही सातवी पास झाली की आपण हिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घालू. बाबाने होकार दिला होता. त्या हंगामापर्यंत तो होकार पक्का होता.

त्या सालीही असाच भोंगा वाजला, असंच बाभळींना रुई लटकली, आणि बाजारामागच्या मोकळ्या जागेत तंबूचा सिनेमा आला. पहिला आठवडा देवाचा बोलपट होता. तेव्हा आमच्याकडे देवाचा सिनेमा बघायला लोक तंबूबाहेर जोडे काढून जात. कोणी सांगितलं नव्हतं. देव दिसणार म्हटल्यावर पायात जोडे कसे ठेवायचे? दारात जोड्यांचा ढीग पडे. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्याच्या खांबाला हार बांधत आणि नारळ फोडत. तो हार आमच्या बाबाचा. तंबूचा मॅनेजर हुशार, रोजच्या हाराच्या बदल्यात त्याने बाबाला पुढच्या सतरंजीवर कायमची जागा दिली. देव प्रकटले की बाबा दोन्ही हात जोडी, आणि बाया ओच्यातली फुलं पडद्याकडे फेकत. ताईही त्या आठवड्यात एकदा आली होती, मायसोबत, बायकांच्या बाजूला.

दुसऱ्या आठवड्यात देव गेले आणि शिकलेली बाई आली. तंबू तोच, पडदा तोच. लोकांनी सवयीने जोडे बाहेरच काढले. बाबाने सवयीने शेवंतीचा हार नेला आणि त्याच खांबाला बांधला. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. ताई आली नाही, तिचा अभ्यास होता. माय तिच्या सोबतीला घरी राहिली.

त्या सिनेमातली बाई बी. ए. झालेली होती. हे आम्हाला कसं कळलं? एक म्हातारा पडद्यावर येऊन म्हणाला, "बहू बी. ए. पास है," आणि वाद्यं भेसूर वाजली. पुढचं मी वर सांगितलंच आहे, तेच ते. सासू घराबाहेर पडते आणि देवळाच्या पायरीवर बसते. मूल जिन्यावरून पडतं. शेवटी बाई सासूच्या पाया पडते, उंच टाचा फेकून देते आणि जात्यावर बसून गाणं म्हणते. जातं उलटं फिरत होतं आणि त्यात दाणा नव्हता, पण ते मला तेव्हा दिसलं नाही, मी लहान होतो. मला त्यातलं कुत्रं आवडलं होतं. बाबाने शेवटी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी फुलं भरली. ताई दप्तर घेऊन मागे बसली आणि सुईत दोरा ओवू लागली. बाबा कासरा हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काशी, उतर."

तिला वाटलं काही राहिलं असेल. ती उतरली. "काय आनू बाबा?"

"काही नोको आनू. घरीच राह्य. आता शाळा पुरे झाली."

"बाबा, फागुनात परीक्षा हाये."

"असू दे." मग त्याला वाटलं असावं की आणखी काही सांगायला हवं. "तू वाईट होशीन असं नाही म्हनत मी, पोरी. पन ते बी चांगल्याच घरची होती."

कोण ती, हे ताईला तेव्हा कळलंच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे बसलेला, मला शाळेत जायचं होतं, गाडी निघाली. माय दारातून म्हणाली, "परीक्षा तं होऊ द्या तिची," पण बैल चालू लागले होते. त्या दिवशी हार बाबाने बाजारात बसून स्वतः गुंफले. त्याची बोटं जाड, हार वेडेवाकडे झाले आणि गिऱ्हाइकं कुरकुरली.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या बाई टांगा करून वाडीत आल्या. साधं नऊवारी, पायात चपला, डोक्यावर पदर. बाबाने त्यांना बसायला घोंगडी टाकली, मायने चहा केला, बाबाने शेवंतीची परडी पुढे ठेवली. एवढा आदर त्याने कोणाला दिलेला मी पाहिला नव्हता. बाई समजावत होत्या आणि तो मान हलवत होता. मग त्याने विचारलं, "बाई, तुमी तो शिनेमा पाह्यला काय?"

"नाही पाहिला."

"पाहून या मंग."

"अहो, ते खोटं असतं सगळं. रंग लावून माणसं उभी करतात."

बाबा हळूच म्हणाला, "त्याच्या आदल्या हप्त्यात त्याच पडद्यावर देव पाह्यला मी. हात जोडले. तो बी खोटा काय, बाई?"

आता बाई काय सांगतील? देव खोटा म्हणावं तर वाडीतल्या दहा बाया दारात उभ्या. देव खरा म्हणावं तर शिकलेली बाईही खरी. त्या चहा पिऊन परत गेल्या. जाताना त्यांनी ताईच्या पाठीवरून हात फिरवला. ताई रडली नाही. टांगा दिसेनासा होईपर्यंत ती विहिरीजवळ उभी होती.

तेव्हापासून मला बाबाचा राग धरता येत नाही, हीच मोठी अडचण आहे. तो दुष्ट असता तर सोपं झालं असतं. आमच्याकडे कीर्तन ऐकून माणूस दारू सोडतो, भावाशी अबोला सोडतो. बुवा गोष्ट सांगतो ती ऐकून घरी जायचं आणि तसं वागायचं, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. सिनेमा त्याने तसाच ऐकला. ज्यांनी तो काढला त्यांनी मात्र कीर्तनाची गादी घेतली आणि बुवाची जोखीम घेतली नाही. बुवाला दुसऱ्या दिवशी त्याच गावात तोंड दाखवावं लागतं. यांचे डबे रेल्वेत बसून पुढच्या गावाला निघून जातात. माझा राग त्या डब्यांवर आहे, आणि तो या जन्मात उतरेल असं वाटत नाही.

सिनेमा पाहिला त्या दिवशी बाबाने तंबूच्या दारातून गाण्यांचं पुस्तक विकत आणलं होतं. वाचता येत नसताना आणलं, देवाच्या सिनेमाचं आणलं होतं म्हणून. ते कोनाड्यात पडून होतं. शाळा बंद झाल्यावर ताईने ते वाचून काढलं. अशा पुस्तकात थोडी गोष्ट दिलेली असते आणि ऐन वेळी 'पुढे काय झाले ते पडद्यावरच पाहा' असं छापून मोकळे होतात. या पुस्तकातली गोष्ट सून उंबऱ्यावर आली तिथेच संपली. ताईने मला विचारलं, "दामू, मंग पुढं काय करते ते बाई?" मी म्हटलं, सासूले हाकलते, मंग पाया पडते. "बस?" ती म्हणाली. मी कुत्र्याचं सांगितलं.

वैशाखात तिचं लग्न झालं, चांदूर बाजारला दिली. घर चांगलं, माणसं चांगली, संत्र्याची झाडं, दोन जोड्या बैल. तिला काही कमी नाही. कोणी विचारलं तर हेच सांगते आणि ते खरंही आहे. पण त्या घरात कागद म्हणजे पुडी बांधायचा. पहिली दोन-तीन सालं ती माहेरी आली की माझी शाळेची पुस्तकं घेऊन बसायची. मग येऊन नुसती चाळायची. मग तेही राहिलं. मी मॅट्रिक झालो, अकोल्याला नोकरीला लागलो, सिनेमा बघायला मोकळा झालो.

यंदा भाऊबीजेला ती अमरावतीला आली होती, मीही गेलो होतो. आणि बाजारात बघतो तर काय, भिंतीवर तीच बाई. नव्या सिनेमांची टंचाई, म्हणून जुने डबे झटकून परत फिरवतात. आता तंबू नाही, पक्कं थेटर आहे, पण सिनेमा तोच. माझं डोकंच फिरलं. घरी येऊन मी जी बडबड सुरू केली ती जेवणापर्यंत. बाबा आता थकला आहे. ओसरीवर बाजेवर बसून तो ऐकत होता. ताई भांडी घासत होती. हात धुवून ती म्हणाली, "दामू, मले दाखव तो शिनेमा."

"काहून? उगाच जीव जाळून घ्यायले?"

"मी पाह्यला नाही तो. साऱ्या गावानं पाह्यला, तू पाह्यला, बाबानं पाह्यला. म्याच तेवढा नाही पाह्यला."

दुपारच्या खेळाला गेलो. ती थेटरच्या दारात क्षणभर थांबली, पायातल्या चपलांकडे पाहिलं आणि तशीच आत आली. दिवे गेले. पडद्यावर नावं आली. जुनी फिल्म, घासून घासून पाऊस पडल्यासारखी झालेली. मी शेजारी पाहिलं तर ताईचे ओठ हलत होते. ती नावं वाचत होती. एक नाव जुळवून होतं न होतं तोच दुसरं येई. तेही पूर्ण व्हायच्या आत तिसरं. ती पुढे सरकून बसली, डोळे बारीक केले, पण नावं थांबेनात. पोथी वाचताना बायांना रडायला वेळ देणारी ही मुलगी. मी तोंड फिरवलं. त्या क्षणी थेटरचा मालक समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

मग सिनेमा सुरू झाला. मी मागच्या कितीतरी सालांचा राग साठवून बसलो होतो, प्रत्येक प्रवेशाला फुसफुसत होतो. "पाह्य, जातं उलटं फिरून राहिलं." "पाह्य, सासूचं लुगडं रेशमी." शेजारचा माणूस म्हणाला, भाऊ, जरा गप बसा. ताईने एकदाही मान वळवली नाही. तिने डोळे पुसले नाहीत, ती हसली नाही. कोणी हरवलेली वस्तू शोधत असावं तशी ती शेवटपर्यंत पडद्याकडे बघत राहिली.

टांग्यात मी पुन्हा सुरू झालो. ती म्हणाली, "राहू दे, दामू."

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माय आता नाही. ताईनेच चूल पेटवली, बाबाला पाट मांडला, भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली. मी भिंतीला टेकून बसलो. बाबाने पहिला घास मोडला आणि ताटाकडे बघतच विचारलं, "पाह्यला?"

"पाह्यला."

"मी म्हनलो तसाच होता ना?"

"तसाच होता," ताई म्हणाली. "सासूले हाकलते. लेकराले टाकून जाते. तुमी काही खोटं नाही सांगतलं."

बाबाने मान हलवली. त्याला बरं वाटलेलं दिसलं. कितीतरी वर्षं तो या उत्तराची वाट बघत असावा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोलणार, तोच ताई दुसरी भाकर तव्यावर टाकत म्हणाली, "पन बाबा, ते शिकलेली कशावरून?"

"म्हंजे?"

"मी सारा वेळ पाहून राहिली होती. आता घेईन, मंग घेईन. तिच्या हाती रॅकेट हाये. कुत्रं हाये. आरसा हाये. पुस्तक नाही, बाबा. साऱ्या शिनेमात एक पुस्तक नाही हाती घेतलं तिनं. एक चिठ्ठी नाही वाचली."

मी तो सिनेमा तंबूत पाहिला, त्या दुपारी परत पाहिला, तसले पन्नास पाहिले, गावभर शिव्या घातल्या. हे मला कधी दिसलं नव्हतं.

बाबाचा हात ताटातच होता. "नसन दाखवलं," तो म्हणाला. "बी. ए. पास होती, असं म्हनला ना तो म्हतारा."

"म्हनला," ताई म्हणाली. तिने भाकर उलटली, कडेने दाबली, फुगू दिली. आवाज चढवला नाही, बाबाकडे पाहिलंही नाही.

"मी तं वाचत होती, बाबा."